क्लिनिकल स्टडीचा डेटा कसा सांभाळायचा, अगदी पहिला पेशंट घ्यायच्या आधीपासून

एमडीचा थिसिस असो नाहीतर चार सेंटरवर चाललेली मोठी ट्रायल, डेटाचं काम बहुतेक ठिकाणी शेवटावर ढकललेलं असतं, म्हणजे आधी पेशंट घेऊ, फॉर्म भरून गठ्ठा बांधून ठेवू, मग सबमिशन जवळ आलं की कुणाला तरी बसवून एक्सेलमध्ये टाकून घेऊ आणि ती शीट स्टॅटिस्टिशियनला पाठवून देऊ. सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने होतं. तोपर्यंत जे विचारायचं राहिलं ते राहिलंच, बाई बाळंतपणाला माहेरी गेली, ज्या सिस्टरनी बीपी घेतलं त्यांची बदली झाली, थर्मल कागदावरचा रिपोर्ट पुसट झाला. मग कितीही हुशार स्टॅटिस्टिशियन असू दे, जे कागदावर आलंच नाही ते तो कुठून आणणार.

हे सगळं मी एक स्टडी डोळ्यासमोर ठेवून सांगते म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. समजा जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये गरोदर बायकांच्या अ‍ॅनिमियावर काम करायचंय, एका ग्रुपला आयर्नच्या गोळ्या, दुसऱ्याला शिरेतून आयर्न सुक्रोज, एकूण २०० बायका, आणि मुख्य प्रश्न एकच की ८ आठवड्यांनी एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) किती वाढलं. साधी स्टडी आहे, पण डेटाच्या जेवढ्या भानगडी असतात तेवढ्या सगळ्या यात येतात.

आधी रिकामे टेबल काढा, फॉर्म नंतर

सगळे जण फॉर्मपासून सुरुवात करतात आणि तिथेच गाडी चुकते. जे आठवेल ते फॉर्ममध्ये टाकत जातात, आठ पानांचा फॉर्म होतो, आणि त्यातलं निम्मं कधी वापरलंच जात नाही. त्याऐवजी आधी थिसिसमध्ये किंवा पेपरमध्ये जे टेबल येणार आहेत ते आकड्यांशिवाय रिकामे काढा. टेबल १ मध्ये वय, कितवं बाळंतपण, किती आठवडे, सुरुवातीचं एचबी, फेरिटिन (शरीरात लोह किती साठलंय ते सांगणारी रक्ताची टेस्ट). टेबल २ मध्ये ८ आठवड्यांचं एचबी आणि फरक. टेबल ३ मध्ये त्रास काय काय झाला. आता प्रत्येक रिकाम्या चौकटीला विचारा की हा आकडा कुठल्या प्रश्नातून येणार, तो प्रश्न फॉर्ममध्ये पाहिजे. आणि फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाला विचारा की तू कुठल्या चौकटीत जाणार, कुठेच जात नसेल तर काढून टाका (अर्थात संमती, सुरक्षितता आणि पेशंटचा पुढचा संपर्क या गोष्टी टेबलात नसल्या तरी लागतातच). स्टॅटिस्टिशियनला भेटायची वेळ पण हीच, शेवटची नाही.

या टप्प्याला अजून एक काम असतं. ही ट्रायल आहे, म्हणजे सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीवर, रजिस्टर करावी लागणार, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घ्यायच्या आधीच रजिस्ट्रेशन लागतं, नंतर केलेलं घेत नाहीत. पीजीच्या थिसिसमधली ट्रायल असली तरी तेच. तिथे मुख्य परिणाम म्हणून जे लिहाल तेच तुमच्या टेबल २ मध्ये आणि फॉर्ममध्ये शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. तिथे "८ आठवड्यांनी एचबी" लिहिलं आणि फॉर्मवर "पुढच्या व्हिजिटला एचबी" असं मोघम राहिलं तर कोण ६ आठवड्यांनी येणार कोण ११ ने, आणि सगळ्यांचं एकाच कॉलममध्ये जाऊन बसणार.

फॉर्म बनवताना

फॉर्मला प्रोफॉर्मा म्हणा किंवा सीआरएफ म्हणा, त्यात मोकळी वाक्यं लिहायला जागा कमीत कमी ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येईल असं बघा. "ताप, खोकला आहे का? हो/नाही" असा प्रश्न नको, ताप वेगळा, खोकला वेगळा. आकडा लिहायचा तिथे चौकोन छापा आणि दशांश चिन्ह आधीच छापलेलं ठेवा, शेजारी एकक छापा. एचबीच्या चौकोनाशेजारी ग्रॅम प्रति डेसीलिटर असं लिहिलेलं असलं की ९८ आणि ९.८ चा घोळ होत नाही, कारण काही मशीन ग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात. आणि एचबी कशावर केलं हे विचाराच. एका बाईचं पहिलं एचबी गावातल्या आरोग्य केंद्रात साहलीच्या नळीवर (रंग डोळ्यांनी जुळवून बघायची जुनी पद्धत) आणि दुसरं हॉस्पिटलच्या ऑटोअ‍ॅनालायझरवर झालं असेल तर तो फरक औषधाचा की पद्धतीचा हे नंतर कुणीही सांगू शकणार नाही. खरं तर दोन्ही वेळा एकाच मशीनवर करायचं हे प्रोटोकॉलमध्येच (स्टडी कशी करायची त्याच्या लेखी आराखड्यात) पाहिजे, पण कॉलम तरीही ठेवा.

मूळ आकडा लिहा, गट नका लिहू. ही माझी सगळ्यात आग्रहाची गोष्ट आहे. फॉर्मवर "अ‍ॅनिमिया: सौम्य / मध्यम / तीव्र" एवढीच खूण केली की एचबी ७.१ आणि ९.९ दोन्ही मध्यममध्ये गेले आणि कायमचे हरवले. शिवाय गटाच्या सीमा बदलतात. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया असं आपण वर्षानुवर्षं सगळ्या महिन्यांसाठी वापरलं, २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मधल्या तिमाहीसाठी १०.५ ची सीमा सांगितली. ज्यांच्याकडे मूळ एचबी आणि तारखा आहेत ते दोन मिनिटांत नव्याने मोजू शकतात, ज्यांच्याकडे फक्त खुणा आहेत त्यांना काहीच करता येत नाही. वयाचं तेच, किती आठवडे झाले त्याचं तेच. आठवडे हाताने मोजून लिहू नका, पाळीची तारीख आणि तपासणीची तारीख लिहा, मोजायचं काम कॉम्प्युटर करेल.

पाळीच्या तारखेवर जरा थांबते, कारण आपल्याकडे ती तारीख म्हणून कमीच सांगितली जाते. "पोळा झाला त्याच्या दोन दिवसांनी", "नवरात्र बसायच्या आधी", असं सांगितलं जातं आणि ते बऱ्याचदा पक्कं असतं, तारखेपेक्षा पक्कं. ओपीडीत कालनिर्णय ठेवा, सण बघून तारीख काढा, पण फॉर्मवर दोन्ही लिहा, बाई काय म्हणाली ते आणि त्यावरून काढलेली तारीख. शेजारी अजून एक खूण की तारीख पक्की, अंदाजे, की सोनोग्राफीवरून. फक्त महिनाच आठवत असेल तर गुपचूप १५ तारीख टाकून मोकळं होऊ नका, टाकायचीच असेल तर अंदाजे वर खूण करून टाका, म्हणजे नंतर अशा नोंदी वेगळ्या काढून बघता येतात.

आणि आकडे कुठल्या लिपीत लिहायचे हे पहिल्याच दिवशी ठरवा. आशाताईंची वही आणि उपकेंद्राचं रजिस्टर मराठी आकड्यात असतं, लॅबचा रिपोर्ट इंग्रजी आकड्यात, आणि मराठी १ घाईत लिहिला की एन्ट्री करणाऱ्याला तो इंग्रजी नऊ वाटतो, मराठी ५ इंग्रजी चारसारखा दिसतो. एचबी ११ चं ९९ झालं तर लक्षात येईल, पण वजन ५१ चं ४९ झालं तर कुणाच्या बापाला कळणार नाही. फॉर्मवर एकच लिपी, आणि मूळ रजिस्टरमधून उतरवणारा माणूस दोन्ही नीट वाचणारा पाहिजे. कॉम्प्युटरमध्ये मात्र इंग्रजी आकडेच टाका, बऱ्याच सॉफ्टवेअरना मराठी आकडे म्हणजे अक्षरं वाटतात आणि मग बेरीज होत नाही.

फॉर्म तयार झाला की लगेच २०० प्रिंट मारू नका. पाच-सहा जणींवर भरून बघा, तेही तुम्ही नको, जी सिस्टर किंवा इंटर्न रोज भरणार आहे तिला भरू द्या. कुठे थांबते, काय विचारते, कुठे मार्जिनमध्ये काहीतरी लिहिते ते बघा. मार्जिनमध्ये लिहिलं म्हणजे तिथे एक पर्याय कमी आहे. फॉर्म नीट असेल तर कमी शिकलेला माणूस उत्तम डेटा देतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची जी स्टडी केली, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली ती, त्यातल्या नोंदी गावातल्याच बायकांनी ठेवलेल्या होत्या, ३९ गावांत काम आणि ४७ गावं तुलनेला. तिच्यावर पुढे देशाचे आरोग्य कार्यक्रम उभे राहिले.

कागदावरची शिस्त

फॉर्मवरची चूक खोडताना एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, गिरवून ९ चा ८ करणं नाही, पेन्सिल नाही. व्हिजिट झाली त्याच वेळी भरायचं, संध्याकाळी हॉस्टेलवर आठवून नाही. जगभरचे ऑडिटर पाच गोष्टी बघतात, कुणी लिहिलंय ते कळतं का, वाचता येतं का, त्याच वेळी लिहिलंय का, हा मूळ कागद आहे का, आणि बरोबर आहे का. थिसिसला ऑडिटर येणार नाही, पण हीच पाच बोटं लक्षात ठेवा. ईसीजी आणि छोट्या मशीनचे रिपोर्ट थर्मल कागदावर असतात, काही महिन्यांत पांढरे पडतात, त्याच दिवशी झेरॉक्स काढा, झेरॉक्सवर सही-तारीख करा आणि दोन्ही एकत्र स्टेपल करून ठेवा.

संमतीपत्राची तारीख आणि वेळ हाही डेटाच आहे. संमतीची वेळ रक्त काढायच्या वेळेच्या आधीची असलीच पाहिजे, आणि मराठी संमतीपत्राची कुठली आवृत्ती वापरली तिचा नंबर लिहिलेला पाहिजे, कारण एथिक्स कमिटीने (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीने) मध्येच बदल सांगितला की दोन आवृत्त्या फिरायला लागतात.

कोड बुक, ज्याशिवाय काहीच नाही

एन्ट्री सुरू व्हायच्या आधी एक वेगळी शीट करा, तिला कोड बुक किंवा डेटा डिक्शनरी म्हणतात. प्रत्येक कॉलमचं नाव, म्हणजे काय, एकक काय, कोड काय, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती चालेल, आणि तो कधी विचारायचा. उदाहरणार्थ एचबी, ग्रॅम प्रति डेसीलिटर, एक दशांश, ३ ते १८ च्या बाहेर असेल तर थांबून विचारायचं. हो म्हणजे १, नाही म्हणजे ०, हे सगळ्या फॉर्मभर तेच, एका ठिकाणी १-० आणि दुसऱ्या ठिकाणी १-२ असं केलं की विश्लेषणात उलटं वाचलं जातं.

रिकामी जागा म्हणजे नेमकं काय, हे इथेच ठरवायचं. फेरिटिनचा कॉलम रिकामा आहे, म्हणजे टेस्ट केली नाही? केली पण रिपोर्ट हरवला? की एन्ट्रीवाल्याकडून सुटलं? ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि तिन्हीला वेगळे कोड पाहिजेत. कोड असा निवडा की तो खरा आकडा असूच शकत नाही. लोक ९९ टाकतात, आणि वजनाच्या कॉलममध्ये ९९ किलो हा अगदी शक्य आकडा आहे. ९९९ टाकलंत तरी विश्लेषणाआधी ते सॉफ्टवेअरला सांगायला पाहिजे की ही गैरहजेरी आहे. ४९ जणींचं सरासरी एचबी ९ असेल आणि एकीच्या पुढे ९९९ राहिलं तर पन्नास जणींची सरासरी २८.८ येते. हे निदान डोळ्याला खुपतं, पण तिथे ९९९ ऐवजी ३० गेलं असतं तर सरासरी ९.४ आली असती आणि ती छापून पण गेली असती.

एक्सेल कुठे चालतं आणि कुठे दगा देतं

एक्सेल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, सगळ्यांकडे असतं, सगळ्यांना येतं. पण त्यात कुणी कधी काय बदललं याची पक्की नोंद राहत नाही, आणि ते न विचारता गोष्टी बदलतं. तारखेचं बघा. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४/२०२४ हे आपल्या मनात ३ एप्रिल आणि त्याच्या हिशोबात ४ मार्च, पण १३/०४ ला त्याला तेरावा महिना सापडत नाही म्हणून ते तसंच अक्षर म्हणून ठेवून देतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये १ ते १२ तारखांच्या नोंदी उलटलेल्या आणि १३ च्या पुढच्या दिसायला बरोबर पण मोजता न येणाऱ्या. पाळीची तारीख अशी उलटली की बाई पाच महिन्यांची असताना आठ महिन्यांची होते. म्हणून फॉर्मवर आणि स्क्रीनवर महिना अक्षरात, ०३-एप्रिल-२०२४ असा.

पेशंटचा नंबर ००१ टाकला की ते १ करून टाकतं, त्यामुळे नंबरच्या आधी एक अक्षर ठेवा. एकाच कॉलमवर सॉर्ट लावला आणि समोर आलेल्या प्रश्नाला चुकीचं बटण दाबलं की एचबीचा कॉलम हलतो आणि नावांचा जागेवर राहतो, सगळ्या बायकांचे रिपोर्ट एकमेकींना जातात, आणि शीट दिसायला अगदी व्यवस्थित. मराठी मजकूर असलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) डबल क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, तशीच सेव्ह केली तर मजकूर गेला, ती इम्पोर्ट करून यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारी पद्धत) निवडून उघडायची असते.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली जुन्या एक्सेल फाइलला ६५,५३६ ओळींचीच मर्यादा होती म्हणून १५,८४१ कोविड केसेस मोजणीतून राहून गेल्या, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर फोन गेले नाहीत. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत कॅन्सरचं औषध कुणाला लागू पडेल हे जीन्सवरून सांगणारं संशोधन गाजत होतं, त्याच्यावर पेशंटच्या ट्रायल्स पण सुरू झाल्या होत्या, आणि कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की त्यात यादी एका ओळीने खाली सरकलेली आहे आणि काही ठिकाणी औषध लागू पडणारे आणि न पडणारे ही लेबलंच उलटी आहेत. पुढे त्या ट्रायल्स बंद झाल्या आणि तपासात तिथे जाणूनबुजून केलेली गडबडही बाहेर आली. पण ती सापडायची सुरुवात झाली ती एका सरकलेल्या ओळीपासून.

मग वापरायचं काय? तुमच्या संस्थेकडे रेडकॅप हे डेटा भरायचं सॉफ्टवेअर असेल तर दुसरं काही बघू नका. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत २००४ मध्ये सुरू झालं, ना-नफा संस्थांना पैसे लागत नाहीत, फक्त संस्थेने करार करून स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं लागतं. त्यात कोणी काय कधी बदललं सगळं राहतं, आकड्यांना मर्यादा लावता येतात, कुणाला काय दिसावं हे ठरवता येतं. संस्थेत आहे की नाही हे रिसर्च सेलमध्ये किंवा पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) डिपार्टमेंटमध्ये विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं आणि रेसिडेंटना माहीतच नसतं. नसेल तर एपिडेटा, तेही फुकट. गावात फिरून मोबाइलवर भरायचं असेल तर कोबो किंवा ओडीके, नेटवर्क नसताना भरता येतं आणि रेंज आली की वर जातं. आणि एक्सेलच वापरायचं असेल तर निदान डेटा व्हॅलिडेशन (ठरलेल्या मर्यादेबाहेरचं घेऊच नये अशी सोय) लावा, एक ओळ एक पेशंट, एका चौकटीत एकच गोष्ट, रंग करून अर्थ सांगू नका (पिवळं म्हणजे फॉलोअप राहिला, हे सॉफ्टवेअरला वाचता येत नाही), सेल मर्ज करू नका.

एन्ट्री आणि तपासणी

एन्ट्री रोजच्या रोज, फार तर आठवड्याची आठवड्याला. पेशंट अजून वॉर्डात असताना चूक सापडली तर दुरुस्त होते. जमत असेल तर दोन माणसांनी वेगवेगळी एन्ट्री करायची आणि दोन्ही फाइल एकमेकींशी लावून बघायच्या, एपिडेटामध्ये ही सोय आहेच. २०० जणींची सगळी एन्ट्री दोनदा करायला माणसं नसतील तर मुख्य कॉलम तरी करा, एचबी दोन्ही वेळचं, तारखा, ग्रुप. आणि सगळ्या २०० जणींचं मुख्य एचबी मूळ लॅब रिपोर्टशी डोळ्यांनी लावून बघा, एक दुपार जाते, पण ज्या आकड्यावर सगळा निष्कर्ष उभा आहे त्याच्यासाठी एक दुपार काहीच नाही.

मग कॉलम एकमेकांशी लावून बघायचे. संमती रक्ताच्या आधीची आहे का, दुसरी व्हिजिट पहिलीच्या नंतरची आहे का, पहिलं बाळंतपण लिहिलंय आणि आधीचं सिझेरियन पण हो आहे असं तर नाही ना, एचबी आठ आठवड्यांत सातने वाढलंय का. बीपीचे सगळे आकडे काढून शेवटचा अंक बघा, सगळीकडे ११०/७० आणि १२०/८० च असेल, शेवटी शून्य आणि फक्त शून्य, तर मोजणाऱ्याशी जाऊन प्रेमाने बोला, बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं असतं किंवा ओपीडीत १५० जणी रांगेत असतात. रागावून उपयोग नाही, त्यांना वेळ कसा मिळेल ते बघायला लागतं.

शंका आली की एन्ट्री करणाऱ्याने मनाने आकडा बदलायचा नाही. एक क्वेरी वही ठेवा, नंबर, तारीख, कुठली पेशंट, काय शंका, काय उत्तर, कुणी दिलं. आणि प्रश्न विचारताना उत्तर सुचवू नका. "९८ लिहिलंय, ९.८ आहे ना?" असं विचारलं की थकलेला रेसिडेंट हो म्हणतो. "एन-०४१ चं दुसऱ्या व्हिजिटचं एचबी मूळ रिपोर्टवर काय आहे ते बघून लिहा" असं विचारलं की त्याला रिपोर्ट काढावाच लागतो.

माहेर, आणि परत न येणाऱ्या बायका

आपल्याकडच्या गरोदरपणाच्या कुठल्याही स्टडीत सगळ्यात मोठं भोक इथे असतं. सातव्या महिन्यानंतर बाई माहेरी जाते, माहेर दुसऱ्या तालुक्यात नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात, फोन नवऱ्याच्या खिशात. म्हणून पहिल्याच व्हिजिटला विचारा की बाळंतपण कुठे करणार, माहेरचं गाव कुठलं, तिथला फोन कुणाचा, तिच्या गावच्या आशाताई कोण. माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही लिहा, आधारवर एक आणि केसपेपरवर दुसरं असतं, आणि तीच बाई परत आली की नवीन पेशंट म्हणून दुसऱ्यांदा नोंदली जाते. (आधार नंबर मात्र घेऊ नका, स्टडीला त्याची काही गरज नसते.)

८ आठवडे म्हणजे आगेमागे किती दिवस चालेल ते प्रोटोकॉलमध्ये लिहा, समजा ७ दिवस, आणि फॉर्मवर ती खरंच आली ती तारीख लिहा, यायची होती ती नाही. जी आली नाही तिचं कारण कोडमध्ये लिहा, माहेरी गेली, फोन लागला नाही, स्टडी सोडली, बाळंत झाली, दुसरीकडे ट्रीटमेंट घेतली. किती जणींना विचारलं, किती नाही म्हणाल्या, किती बसल्या नाहीत, याची वेगळी स्क्रीनिंगची वही पहिल्या दिवसापासून. पेपरमध्ये तो वरून खाली बाणांचा तक्ता द्यावाच लागतो आणि तो शेवटी आठवून काढता येत नाही. आणि कृपा करून ज्यांचं ८ आठवड्यांचं एचबी नाही त्यांच्या पुढे जुनंच एचबी परत टाकून जागा भरू नका. काय करायचं ते स्टॅटिस्टिशियनशी बोलून आधी ठरवा.

एवढं का लावून धरते, तर ती बाई दोनशे रुपयांचा रोज बुडवून, दोन एसटी बदलून, रिकाम्या पोटी रक्त द्यायला आलेली असते. तिचा एक आकडा आपल्या ढिसाळपणाने वाया गेला तर तो तिच्यावर अन्याय आहे, माझं मत तरी ठाम आहे.

त्रासाची नोंद

औषधाने काय त्रास झाला हे बाईच्याच शब्दांत मराठीत लिहा, आणि शेजारच्या चौकटीत डॉक्टरने त्याचं वैद्यकीय नाव लिहायचं. "पित्त झालं" म्हणजे एकीची छातीत जळजळ, दुसरीच्या अंगावर उठलेल्या गांधी, तिसरीचं अर्धं डोकं दुखून झालेली उलटी. आयर्न सुक्रोजच्या ग्रुपमध्ये अंगावर गांधी उठणं ही वेगळीच गोष्ट आहे, ती जळजळीत मोजली गेली तर औषधाची सुरक्षितता चुकीची दिसते. कधी सुरू झालं, कधी थांबलं, औषध थांबवावं लागलं का, हे पण. गंभीर काही झालं, अ‍ॅडमिट करावं लागलं, जिवावर बेतलं, मृत्यू झाला, तर औषध नियामकाकडे मंजुरीला गेलेल्या ट्रायलमध्ये २०१९ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत कळवावं लागतं, आणि थिसिसमध्ये निदान एथिक्स कमिटीला लगेच कळवा. त्यासाठीचा फॉर्म आणि फोन नंबर वॉर्डात भिंतीला लावलेला पाहिजे, कपाटात नको.

नाव वेगळं, डेटा वेगळा

विश्लेषणाच्या फाइलमध्ये नाव, फोन, गाव, केसपेपर नंबर यातलं काहीही नको, फक्त एन-०४१ सारखा स्टडी नंबर. नाव आणि नंबर जोडणारी यादी वेगळी, पासवर्ड लावून, वेगळ्या कॉम्प्युटरवर किंवा कुलुपातल्या वहीत. ग्रुप कुणाला कुठला हे सांगणारी यादी तर जो एचबी मोजतो आणि जो पेशंट घेतो त्यांच्या हाती लागताच कामा नये. लहान गावात आद्याक्षरं, वय आणि गाव एवढ्यावरून पण बाई ओळखता येते, मग एचआयव्ही किंवा टीबीच्या स्टडीत काय होईल विचार करा. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय सगळीकडे आहे, ती बंद करा, नाव दिसणारा फोटो वीस जणांच्या फोनमध्ये जाऊन बसतो आणि परत येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गोपनीयतेवर स्पष्ट लिहिलंय, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही झालाय.

बॅकअप तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक हॉस्पिटलच्या इमारतीबाहेर. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, वॉर्डातल्या कॉम्प्युटरला लावला की व्हायरस घेऊन येतो. आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून बघा, उघडत नसलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

लॉक करायचं म्हणजे काय

शेवटची व्हिजिट झाली, सगळ्या क्वेरी मिटल्या, की गाइड, तुम्ही आणि एन्ट्री करणारे यांनी एका कागदावर तारीख घालून सह्या करायच्या की आजपासून या फाइलला कुणी हात लावणार नाही. ती फाइल फक्त वाचता येईल अशी करून ठेवायची. निकाल बघायच्या आधी हे झालं पाहिजे, कारण पी व्हॅल्यू ०.०६ दिसल्यावर, म्हणजे फरक सिद्ध म्हणायच्या ०.०५ च्या सीमेच्या जरा बाहेर, मग "ही एन्ट्री जरा विचित्र वाटते" म्हणून काढायचा मोह सगळ्यांना होतो. कुठल्या नोंदी का वगळायच्या ते लॉकच्या आधी, ग्रुप माहीत नसताना ठरलेलं पाहिजे.

लॉकनंतर साफसफाई किंवा नवीन कॉलम बनवणं हाताने करायचं नाही. आर, स्टाटा, एसपीएसएस यातलं कुठलंही विश्लेषणाचं सॉफ्टवेअर वापरा, पण कमांड लिहून चालवा आणि ती कमांडची फाइल जपून ठेवा. मूळ फाइल तशीच, कमांड चालवली की नवीन फाइल तयार, म्हणजे सहा महिन्यांनी परीक्षकाने किंवा जर्नलने विचारलं की टेबल २ मधला हा १.९ कुठून आला, तर तुम्ही टेबलवरून कमांडवर, कमांडवरून मूळ फाइलवर, तिथून एन-०४१ च्या फॉर्मवर आणि फॉर्मवरून लॅबच्या स्लिपवर जाऊन दाखवू शकता. २०२० च्या मे महिन्यात कोविडमध्ये दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा पेपर लॅन्सेटमध्ये आला, जगभरच्या हॉस्पिटलांचा डेटा आहे असं सर्जिस्फीअर नावाच्या कंपनीचं म्हणणं होतं, त्याच्यामुळे चालू ट्रायल्स थांबल्या, आणि मूळ डेटा तपासायला मागितला तर तो दाखवताच आला नाही म्हणून ४ जूनला पेपर मागे घ्यावा लागला.

एका खोक्यात काय काय ठेवायचं ते सांगून थांबते. एथिक्सची मंजुरी आणि सीटीआरआयचा नंबर, संमतीपत्रं, भरलेले फॉर्म नंबराप्रमाणे, क्वेरी वही, स्क्रीनिंगची वही, लॉकचा सह्या केलेला कागद. कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये लॉक केलेली फाइल एक्सेलमध्ये आणि साध्या सीएसव्हीमध्ये पण, कारण सॉफ्टवेअर बदलतात आणि सीएसव्ही कशातही उघडते, तिच्याच शेजारी डेटा डिक्शनरी आणि कमांडच्या फाइल. नावांची यादी या खोक्यात नको, ती वेगळ्या कुलुपात. खोक्यावर स्टडीचं नाव, लॉकची तारीख आणि एथिक्स कमिटीने कधीपर्यंत ठेवायला सांगितलंय ती तारीख मार्करने लिहा, आणि तुम्ही पास होऊन जाण्याआधी डिपार्टमेंटमध्ये ते कुणाच्या ताब्यात दिलं त्याची सही घ्या.